तिकीट कधीचं आहे?

दुबईत याकूबभाई नाखवांची हक्काची जागा आहे ती सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. देरातल्या एका जुन्या इमारतीत आठ माणसांची खोली आहे, तिथल्या दुमजली लोखंडी पलंगाचा खालचा मजला त्यांचा. आधी नऊ वर्षं ते वरच्या मजल्यावर झोपत. मग खालचे केरळी गृहस्थ कायमचे गावी गेले आणि याकूबभाईंना बढती मिळाली. पलंगाखाली एक पेटी, भिंतीला एक खिळा, खिळ्याला दोन शर्ट. एवढ्यात त्यांचा संसार आटोपतो.

आणि हा माणूस दर शनिवार-रविवार सोफे, फ्रीज, कपाटं आणि आठ माणसांची जेवणाची टेबलं खरेदी करत हिंडतो.

हे नीट समजायचं तर इथली एक रीत सांगायला हवी. या देशात आमच्यासारखा माणूस येतो तोच परत जायच्या बोलीवर. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर. एक दिवस नोकरी संपते, किंवा आईवडील थकतात, किंवा मुलांचं कॉलेज येतं, आणि महिन्याभरात सगळं आवरून विमानात बसावं लागतं. बरोबर नेता येतं ते बॅगेत मावेल तेवढं. उरलेला संसार बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो: 'मूव्हिंग आउट सेल, एव्हरीथिंग मस्ट गो.' खाली सोफ्याचे फोटो, आणि फोटोत चुकून आलेला कोणाचा तरी पाय. माणसं जातात आणि सोफे राहतात. आमच्या अल बर्शातला एखादा सोफा माझ्यापेक्षा जुना दुबईकर असेल.

या सेलांचे याकूबभाई बादशहा. पण घेतात ते सगळं दुसऱ्यांसाठी. ज्यांना वस्तू हवी असते पण भाव करायला जीभ रेटत नाही, अशी आमच्यासारखी पांढरपेशी मंडळी त्यांना बोलावतात. ते येतात, भाव पाडतात, वस्तू घरी पोचती करतात आणि एक कप चहा पिऊन मेट्रोने परत जातात. कमिशन घेत नाहीत. मी एकदा पैसे पुढे केले तर म्हणाले, 'ताई, क्रिकेट खेळणाऱ्याला कोण पगार देतो?' देतात, असं माझ्या मुलीने इंग्रजीतून सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नाही.

नाखवा म्हणजे खरं तर जहाजाचा कप्तान. दापोलीच्या बाजूला किनाऱ्यावर त्यांचं गाव आहे, आजोबा गलबतं चालवत. नातवाला मात्र दुबईची खाडी ओलांडणाऱ्या छोट्या लाकडी होडीतही मळमळतं. रास अल खोरला एसीचे पत्र्याचे पाइप बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते तेवीस वर्षं स्टोअरकीपर आहेत. उंची बेताची, दाढी बारीक कातरलेली, खिशात नेहमी मोजपट्टी. गिऱ्हाइकाच्या घरचा दरवाजा मोजल्याशिवाय ते कोणाचंही कपाट घेत नाहीत.

आमची ओळख जेवणाच्या टेबलावरून झाली. शेजारच्या इमारतीतलं एक कुटुंब पुण्याला परत चाललं होतं. टेबल आणि सहा खुर्च्या, किंमत आठशे दिरहम. मी मनात 'अठरा हजार रुपये' म्हणाले आणि गप्प बसले. गप्प बसणं हा माझा भाव करण्याचा एकमेव प्रकार आहे. तेवढ्यात कोणा दुसऱ्यासाठी वॉशिंग मशीन बघायला आलेले हे गृहस्थ माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, 'ताई, वस्तूकडे काय बघताय? भिंतीकडे बघा.' भिंतीवर कॅलेंडर होतं. कॅलेंडरवर एका तारखेभोवती लाल गोल. ती तारीख चार दिवसांवर होती.

'तारीख बोलते,' याकूबभाई म्हणाले.

हे त्यांचं सगळं शास्त्र. सेलमधल्या वस्तूची किंमत वस्तूवर नसते, विमानाच्या तिकिटावर असते. पंधरा दिवस असतील तर मालक ताठ असतो. आठ दिवस उरले की बसायला सांगतो. तीन दिवस उरले की चहा देतो. आदल्या दिवशी तो स्वतःच वस्तू लिफ्टपर्यंत आणून देतो. म्हणून घरात शिरल्यावर याकूबभाई सोफ्याला हात लावत नाहीत, फ्रीज उघडत नाहीत. नमस्कार-सलाम करतात, खुशाली विचारतात आणि मग अगदी काळजीच्या सुरात म्हणतात, 'तिकीट कधीचं आहे?' समोरचा भाबडेपणाने खरं सांगतो. खलास.

ते टेबल मला साडेतीनशेला मिळालं. घरी आल्यावर कळलं की सहापैकी एक खुर्ची वेगळ्याच सेटची आहे आणि जरा बुटकी आहे. त्या खुर्चीवर बसणाऱ्याची हनुवटी ताटाला लागते. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, ती खुर्ची आलेल्या पाहुण्यांतल्या नावडत्या माणसाला देतो.

मग मला चटकच लागली. याकूबभाईंचा फोन आला की मी निघायची. पुढच्या दोन वर्षांत मी काय काय घेतलं ते सांगायला लाज वाटते. ब्रेड बनवायचं यंत्र घेतलं, त्यात एकदाच ब्रेड केला, तो कापायला मिलिंदला करवत आणावीशी वाटली. चालायचा पट्टा घेतला, त्यावर आता बेडशीट वाळतात. ऐंशीचं पंचवीसला मिळालं याचा आनंद लिफ्टमधून वर येईपर्यंत टिकतो. दार उघडलं की प्रश्न पडतो, आता हे ठेवायचं कुठे. याकूबभाईंना हा प्रश्न कधीच पडत नसे. ठेवायला जागा नसलेल्या माणसाला खरेदीचा नुसता आनंदच मिळतो, पश्चात्ताप आमच्यासारख्या तीन खोल्यांवाल्यांना.

त्यांच्याही गाठीला एक पश्चात्ताप होता, तो त्यांनी एकदाच सांगितला. फार पूर्वी शारजात एका नर्सकडून त्यांनी बाळाचा पाळणा घेतला होता. तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. त्यांनी दीडशेचा पाळणा तिसात पाडला. पैसे घेताना ती म्हणाली की बाळाला आठ महिन्यांपूर्वीच गावी आईकडे पाठवलं आहे, आता उद्या दिसेल. 'ताई, त्या दिवशी मी जिंकलो आणि जेवण गेलं नाही,' ते म्हणाले. तेव्हापासून पोराच्या वस्तूवर घासाघीस हराम. सायकल, पाळणा, पाटी, जे मागतील ते द्यायचं.

नोव्हेंबरात एके दिवशी मी शाळेतून येते तर याकूबभाई खाली लॉबीत बसलेले. मी एका शाळेत भूगोल शिकवते, तीन वाजता सुटते. आठवड्याच्या मधल्या वारी हा माणूस रास अल खोर सोडून इथे बसलाय म्हणजे काही बिनसलं, असं मला वाटलं.

'रुकय्या येतेय,' ते म्हणाले. चेहरा असा, की व्हिसा संपल्याची नोटीस आली असावी.

रुकय्या त्यांची बायको. मुलाला पुण्यात पहिली नोकरी लागली होती आणि त्याने पहिल्या पगारातून आईचं तिकीट आणि व्हिजिट व्हिसा काढला होता. दोन महिन्यांसाठी. तेवीस वर्षांत ती एकदाही दुबईला आली नव्हती. याकूबभाईंच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नसे आणि आठ जणांच्या खोलीतल्या बेडस्पेसमध्ये बायकोला कुठे आणणार. कारखान्याच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, ही बातमी कळली तेव्हा त्याने चावीच काढून दिली. आमच्याच मागच्या गल्लीत त्याचा एक स्टुडिओ फ्लॅट रिकामा होता, नवा भाडेकरू फेब्रुवारीत यायचा होता. तोवर राहा म्हणाला.

'मग चांगलंच झालं की,' मी म्हटलं.

'ताई, खोली रिकामी आहे. एकदम साफ. नळ आणि दिवा. तीन आठवड्यांत घर करायचंय.' मग म्हणाले, 'मला घर करता येत नाही.'

हसू येत होतं, पण हसले नाही. निम्म्या अल बर्शाची घरं ज्याने सजवली त्या माणसाने हे म्हणावं याची गंमत वाटली, आणि लगेच ती गंमत राहिली नाही. वर आलो, चहा केला, वहीचं पान फाडलं. मी यादी करायला बसले.

शेगडी दोन बर्नरची की चार? त्यांना माहीत नव्हतं. भाभी उभ्याने स्वयंपाक करतात की बसून? ते विचारात पडले. सुट्टीवर गेलं की ताट समोर येतं, असं म्हणाले. भाकऱ्या थापतात तर परात केवढी? एवढी, म्हणून त्यांनी हात पसरले, मग थोडे जवळ आणले, मग पुन्हा पसरले. चहा दुधाचा पितात? पीत असेल. पाठ दुखते का, गादी कडक हवी की मऊ? भाभी उंचीला केवढ्या आहेत? याकूबभाई उभे राहिले आणि त्यांनी आपल्या खांद्यापाशी हात धरला. मग कानापर्यंत नेला. मग खाली बसले.

माझी सई कोपऱ्यात अभ्यासाचं नाटक करत होती. चौदा वर्षांची आहे, सगळीकडे कान असतात. तिने विचारलं की अंकल, सुट्टी किती मिळते. दोन वर्षांनी दोन महिने, ते म्हणाले. तेवीस वर्षांत अकरा वेळा जाऊन आलो, आणि लग्नानंतर इकडे यायच्या आधी आठ महिने होतो. सईने दोन क्षणांत हिशेब केला. 'अंकल, दॅट्स टू अँड अ हाफ इयर्स. ओन्ली.' मी तिच्याकडे डोळे वटारले. याकूबभाई मात्र शांतपणे मान हलवत राहिले, जणू कारखान्यातल्या मालाची मोजणी बरोबर निघाली होती.

मी म्हटलं, फोन करून सरळ विचारा ना. रोज तर बोलता.

'नाही,' ते म्हणाले. इतक्या ठामपणे ते एरवी फक्त फ्रीजच्या किमतीवर बोलतात. 'तिला वाटेल, एवढ्या वर्षांत नवऱ्याला हेही माहीत नाही. माहीत नाहीच आहे, पण ते तिला कशाला कळायला पाहिजे? तिने दार उघडावं आणि तिला वाटावं, या माणसाला मी ठाऊक आहे. बस.'

एवढंच त्यांना हवं होतं. पुढचे तीन आठवडे आम्ही यासाठीच धावलो.

विचारायचं नाही, पण काढून तर घ्यायचं. त्यासाठी याकूबभाईंनी एक युक्ती केली. व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाले, यंदा पाऊस जोरात झाला म्हणतात, भिंतीला ओल आली का दाखव, फोन घेऊन सगळ्या घरात फिर. बेत असा की स्वयंपाकघर आपोआप दिसेल. रुकय्याभाभी आज्ञाधारकपणे फिरल्या, पण त्यांनी खरंच फक्त भिंती दाखवल्या. पाऊण तास याकूबभाईंनी ओल पाहिली. हाती लागला एक अर्धा डाव आणि मांजराचं शेपूट. शिवाय भिंत खरंच ओली निघाली आणि गवंड्याचा खर्च अंगावर आला.

तरी हळूहळू खोली भरू लागली. शेगडी चार बर्नरची घेतली, म्हणजे दोनची आवड असली तर दोन वापराव्यात. चटई घेतली आणि खुर्चीही घेतली. दूध घेतलं, लिंबंही घेतली. माहीत नसलेल्या प्रत्येक गोष्टीची त्यांनी दोन्ही उत्तरं विकत घेतली. भिंतीवर मसाल्याच्या डब्यांसाठी फळी ठोकली, ती माझ्या कपाळाच्या उंचीला, कारण भाभींची उंची दाखवताना हात कानापर्यंत गेला होता तरी पहिल्यांदा खांद्यापाशी धरला होता.

राहिला पलंग. पलंगाचं त्यांनी शेवटपर्यंत टाळलं. कुठलाही पलंग दाखवला की 'बघू, इन्शाल्ला' म्हणायचे. शेवटी चार दिवस उरले तेव्हा मीच त्यांना एका व्हिलात घेऊन गेले. एक इंग्रज बाई नवऱ्याच्या बदलीमुळे चालल्या होत्या. तिथे खरोखरचं गॅरेज होतं, त्यात गाडीच्या जागी सगळा संसार मांडलेला, प्रत्येक वस्तूवर किमतीची पिवळी चिठ्ठी. आम्ही फ्लॅटवाले हे असलं कौतुकाने बघतो.

पलंग मोठा सुरेख होता. लाकडी, रुंद, उशालगत साधीच पण घट्ट फळी, गादी जवळजवळ कोरी. चिठ्ठीवर नऊशे. याकूबभाईंनी खुशाली विचारली. तिकीट विचारलं. दोन दिवसांनी होतं.

मी सुखावले. दोन दिवस, एवढा अवजड पलंग, दुसरं गिऱ्हाईक नाही. त्यांच्या शास्त्राप्रमाणे हा दीडशेचा सौदा होता. मी बाजूला उभी राहिले, सचिन खेळायला उतरला की बसतात तशी सावरून. याकूबभाईंनी पलंगावरून एकदा हात फिरवला, खिशातून पाकीट काढलं आणि नऊशे दिरहम मोजून दिले.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली, नऊशेच होते. नऊशे मागून सहाशे मिळावेत असा त्या बाईंचा हिशेब असणार. पैसे हातात धरून त्या थोड्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, उशा पण न्या. मग म्हणाल्या, हे दोन दिवे याच्याबरोबरचेच आहेत. मग चादरी, मग टोस्टर, मग इस्त्रीचं टेबल, आणि शेवटी, बहुधा आता थांबायचं कसं ते न कळून, कुत्र्याची टोपलीही दिली. तेवीस वर्षांत घासाघीस करून जेवढं मिळालं नव्हतं तेवढं पुरे पैसे देऊन मिळालं.

परतताना गाडीत याकूबभाई टोपली मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, 'ताई, दुसऱ्यासाठी भाव केला तर तो खेळ. या पलंगाचा केला असता तर मला वाटलं असतं, मी तिचाच भाव केला.' थोड्या वेळाने पुढे म्हणाले, 'पण आयला, टोस्टरपण दिला. म्हणजे इतकी वर्षं मी उगाच तोंड वाजवत होतो की काय?' ही शंका त्यांना अजून अधूनमधून छळते.

पलंग लिफ्टमध्ये मावेना. मोजपट्टी खिशात असून या माणसाने स्वतःच्या पलंगाचं माप घेतलं नव्हतं. रविवारी त्यांच्या खोलीतले सातही जण देराहून मेट्रोने आले आणि त्यांनी पलंग सुटा करून जिन्याने पाचव्या मजल्यावर चढवला. मी आणि सई सरबत घेऊन गेलो तेव्हा पलंग जोडून झाला होता आणि आठही जण त्याच्यावर बसून तो किती भार घेतो ते पाहत होते. मग कोणीतरी कल्पना काढली. एकेक जण दोन-दोन मिनिटं पलंगावर आडवा होऊ लागला, हातपाय पूर्ण पसरून, आणि बाकीचे घड्याळ लावून उभे. एक पेशावरचे म्हातारे ड्रायव्हर होते, ते आडवे झाले आणि दोन मिनिटं झाली तरी उठेनात. कोणी त्यांना उठवलं नाही. याकूबभाईंना सगळ्यांनी आग्रह केला तर ते म्हणाले, ती आल्यावर.

रुकय्याभाभी आल्या त्या याकूबभाईंपेक्षा दोन बोटं उंच निघाल्या. विमानतळावरून दोघं आली तेव्हा मी खाली होते. मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा याकूबभाईंकडे. त्यांनी नजर चुकवली. नंतर एकटे सापडले तेव्हा अपराधी सुरात म्हणाले की घरी ती नेहमी बसलेली नाहीतर वाकलेलीच दिसायची. मसाल्याच्या फळीवर पहिल्याच दिवशी त्यांचं कपाळ आपटलं. चहा त्या बिनदुधाचा, बिनसाखरेचा आणि बिनलिंबाचा पितात, म्हणजे दोन्ही उत्तरं चुकली होती.

पण त्या काही बोलल्या नाहीत. सडपातळ, डोक्यावरून ओढणी, बोलणं मोजकं. आणलेले सोडे, सुकट, आमसुलं डब्यांतून लावली, फळीखालून वाकून जायची सवय केली आणि राहू लागल्या. दहा दिवस झाले, आवडलं नाही म्हणाल्या नाहीत, आवडलंही म्हणाल्या नाहीत. याकूबभाई वाळू लागले. भल्याभल्यांकडून तिकिटाची तारीख काढून घेणाऱ्या माणसाला बायकोच्या मनातलं काढता येईना. शेवटी मलाच साकडं घातलं. 'तुम्ही बायाबाया बोलता. जरा बघा ना, घर पसंत पडलं का. माझं नाव नको.' मी म्हटलं, सरळ विचारायला काय जातं? ते म्हणाले, आणि नाही म्हणाली तर?

मी शनिवारी सकाळी गेले. याकूबभाई मुद्दाम कोथिंबीर आणायला बाहेर पडले. भाभी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, उभ्याने, चारपैकी एकाच बर्नरवर. मला त्यांनी खुर्ची दिली. इकडचं तिकडचं झालं. आडून विचारणं मला जमत नाही. म्हटलं, भाभी, घर आवडलं का तुम्हाला? याकूबभाई फार धावले याच्यासाठी.

त्यांनी भाकरी उलटली. मग म्हणाल्या, 'बाय, घर मला कळतं. त्याने काय काय दोन-दोन आणलंय ते पण कळतं. चटई बी, खुर्ची बी.' आणि पहिल्यांदाच हसल्या. 'काय माहीत नाय ते सगळं आणून ठेवलंय.'

मी गप्प बसले. या वेळी ते उपयोगी पडलं.

भाभी म्हणाल्या, पहिल्या दिवशी वाटलं, हे माझ्यावर रागावलेत. एवढा मोठा पलंग, आणि झोपले ते पार कडेला, हात छातीशी घेऊन, पाय जुळवून. हलले नाहीत. कूस बदलली तीही तेवढ्याच जागेत, कोणाला धक्का लागू नये तशी. दुसऱ्या दिवशी तेच. तेव्हा ध्यानात आलं, राग नाही, सवय आहे. 'आणि बाय, मीपण कडेलाच. मधली जागा पोरांची. पोरं मोठी झाली, एक पुण्याला गेला, पोरगी लग्न होऊन गेली, पण मी काय मधे आले नाय. तिकडे मी एकटी कडेला, इकडे ते एकटे कडेला. आता एका पलंगावर दोघं दोन कडांना. मधे दोन माणसं झोपतील एवढी जागा.'

तव्यावरची भाकरी फुगली. ती काढून त्यांनी टोपलीत ठेवली.

'मग त्यांना सांगा ना,' मी म्हटलं.

'सांगितलं तर लाजतील. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम पसरून झोपतील, आणि झोप नाय लागायची. मी रोज चार बोटं सरकते.' त्यांनी पिठाच्या हाताची चार बोटं मला दाखवली. 'एकदम सरकले तर दचकतील. चार बोटं कळत नाय.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. त्या दोघांच्या तेवीस वर्षांतलं सगळं अंतर त्या पलंगावर पडलेलं होतं आणि ही बाई ते बोटांनी मोजून कमी करत होती. मी विचारलं, आता केवढं राहिलंय? त्यांनी परातीवर हात ठेवला, अंगठा आणि करंगळी ताणून. वीतभर.

खाली उतरले तर याकूबभाई कोथिंबिरीची जुडी घेऊन गाड्यांच्या मधे येरझाऱ्या घालत होते. पानं सुकायला लागली होती.

'काय म्हणाली?'

भाभींनी सांगू नका म्हटलं नव्हतं, पण ते सांगायचं नव्हतं हे मला कळत होतं. मी म्हटलं, घर आवडलंय. सगळं आवडलंय. पलंग जरा मोठा वाटतो, एवढंच.

लगेच त्यांचा हात मोजपट्टीवर गेला. मोठा वाटतो तर बदलतो, त्यात काय, म्हणाले. पलीकडच्या टॉवरमध्ये एक फॅमिली कोचीनला चाललीय, त्यांच्याकडे लहान पलंग आहे, पाच फुटी, तिकीट बुधवारचं आहे, आजच जाऊन येतो.

'याकूबभाई,' मी म्हटलं, 'त्या पलंगाला हात लावायचा नाही. चार दिवस थांबा. त्यांचं त्या बघतायत.'

त्यांना काही कळलं नाही. पण थांबतो म्हणाले, आणि कोथिंबीर घेऊन वर गेले.